रेव्हरंड टिळकांचा दरबार

नारायण वामन टिळक मराठी वाचकाला बहुधा तीन वाटांनी भेटतात. पहिली वाट शालेय पुस्तकातली. शिकाऱ्याने घायाळ केलेल्या पक्षिणीवरची त्यांची कविता कितीएक पिढ्यांनी पाठ केली आहे. दुसरी वाट ‘फुलामुलांचे कवी’ या बिरुदाची, आणि तिसरी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’ची. या तिसऱ्या वाटेने गेलेला वाचक सहसा माघारी येत नाही. त्याच्या लेखी टिळक म्हणजे कायमचे ते शीघ्रकोपी, उधळ्या मनाचे, न सांगता घराबाहेर पडणारे आणि हातातले दुसऱ्याला देऊन रिकाम्या हाताने परतणारे गृहस्थ होऊन बसतात. लक्ष्मीबाईंच्या लेखणीपुढे नवऱ्याच्याच काय, कोणाच्याही स्वतंत्र चरित्राचा टिकाव लागणे अवघड आहे, हे आम्हांस मान्य आहे. तरीही टिळकांच्या अखेरच्या दोन वर्षांतील एका कृत्याकडे या सगळ्यात आपले दुर्लक्ष झाले, असे आम्हांला पुष्कळ दिवसांपासून वाटत आले आहे.

ते कृत्य असे. १९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यापासून ते याच मिशनच्या आश्रयाला होते. त्यांच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत ते शिकवीत. १९०४ साली त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली होती. ‘ज्ञानोदया’चा मराठी भाग त्यांच्या हाती होता. मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ नावाचा एक नवाच संसार मांडला. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या कोणालाही त्या दरबारात जागा होती, मग त्याचा बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. या एका वाक्यात किती सुरुंग पेरलेले आहेत, हे आज चटकन ध्यानात येत नाही. बाप्तिस्मा न झालेला शिष्य ही कल्पना तेव्हाच्या मिशनऱ्याला तिकिटावाचून प्रवासी या कल्पनेइतकीच नियमबाह्य वाटली असली पाहिजे.

दरबार थाटणाऱ्या माणसाला भिंत कोठे लागली, हे समजण्यासाठी आधीच्या शंभर वर्षांकडे वळले पाहिजे.

गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले. हॉल मराठी शिकले, रस्त्यांतून, बाजारांतून, देवळांच्या आवारांतून बोलू लागले, आणि १८२६ साली नाशिककडच्या एका प्रचारफेरीत पटकीने वाटेतच वारले. पुढील सर्व प्रचारकांचा नमुना येथेच ठरून गेला. मंडळीबाहेरच्या माणसाशी बोलायचे ते रस्त्यावर, उभ्याने आणि भर गर्दीत. ऐकणारा केव्हाही निघून जाऊ शकत होता आणि बहुधा तो जाईच. गेली नाहीत ती माणसे वाद घालीत. १८२९ साली मुंबईस आलेल्या जॉन विल्सन यांनी तर वादाला रीतसर सभेचे रूप दिले. त्यांच्याशी वाद करून मोरभट दांडेकरांनी १८३१ साली ‘हिंदुधर्मस्थापना’ हे पुस्तक काढले आणि विल्सननी पुढल्या वर्षी त्याला उत्तर छापले. मराठीतील वादविवादाच्या गद्याला या भांडणांनी किती धार आणली, हा निराळ्या लेखाचा विषय आहे. माणूस मात्र वादात हरला म्हणून धर्म बदलत नाही. हे दोन्ही पक्षांना ठाऊक असूनही दोघेही जिंकण्याच्याच ईर्षेने बोलत राहिले.

या वादांच्या मागे एक व्यवहाराची गोष्ट उभी होती आणि ती खरी अवघड होती. त्या काळच्या वरिष्ठ जातीतल्या माणसाने बाप्तिस्मा घेणे म्हणजे केवळ एका मताऐवजी दुसरे मत पत्करणे नव्हे. घर, पंगत, पाणवठा, बायको, आईच्या पाया पडण्याचा हक्क, सगळे त्या ओंजळभर पाण्यात वाहून जाई. १८४३ सालचे शेषाद्री बंधूंचे प्रकरण पाहावे. थोरल्या नारायणाने स्कॉटिश मिशनऱ्यांकडे बाप्तिस्मा घेतला. धाकटा श्रीपत अजून मुलगाच होता, पण तोही मिशनऱ्यांच्या घरी राहिला, त्यांच्याबरोबर जेवला. वडील कोर्टात गेले आणि कोर्टाने श्रीपतला त्यांच्या हवाली केले. मग प्रश्न उभा राहिला, की मुलगा तर परत आला, पण त्याला घरात घ्यायचा कसा? त्याचा बाप्तिस्मा झालाच नव्हता. नुसते अन्न पोटात गेले होते. बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेऊन त्याला प्रायश्चित्त देवविले आणि त्यापायी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. एका पोराच्या जेवणावरून सारी मुंबई दुभंगली. १८५० सालच्या कायद्याने धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क शाबूत राखला खरा, पण पंगतीचा हक्क कोणते सरकार कायद्याने राखणार?

थोरला नारायण पुढे मोठा पाळक झाला. निजामाच्या राज्यात जालन्याजवळ त्याने बेथेल नावाचे ख्रिस्ती लोकांचे गावच वसवले. तेथे आलेले लोक बहुतांशी मांग समाजाचे. एका ब्राह्मणाने मांगांमध्ये आयुष्य घालवावे, ही गोष्ट आमच्या इतिहासात जितक्या आदराने नोंदवायला हवी तितकी नोंदवली गेलेली नाही. तरी बेथेलसारख्या गावाकडे पाहिले की मिशनने काढलेला मार्ग स्पष्ट दिसतो. ज्याला त्याचे गाव ठेवून घेत नाही, त्याला दुसरे गाव द्यायचे. जागोजागची मिशन कंपाउंडे म्हणजे याच विचाराची लहान रूपे होत. शाळा, दवाखाना, साहेबाचा बंगला, प्रार्थनामंदिर, शिक्षकांची घरे आणि सभोवती कुसू. आतल्या माणसाला त्या कुसवाने जगवले, हे निःसंशय. जन्मभर वेशीबाहेर काढलेल्या कुटुंबाला ती भिंत भिंत वाटलीच नसेल. तिच्या आधाराने उभी राहिलेली ती पहिली ओसरी होती. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र ती साहेबाची हद्द दिसे.

साहेबांपैकीच एकाला हे फार लवकर उमगले होते. जॉर्ज बोवेन हे अमेरिकन गृहस्थ १८४८ साली मुंबईस आले. आल्यावर वर्ष-दोन वर्षांतच त्यांनी मिशनचा पगार नाकारला, बंगला सोडला आणि देशी वस्तीतल्या बाजारात एक खोली घेऊन ते राहू लागले. ऐकणारा माणूस उपदेशकाचे शब्द तोलण्याआधी त्याचे घर तोलतो, हे त्यांनी ओळखले होते. पुढची चाळीस वर्षे, १८८८ साली मरेपर्यंत, ते मुंबईत असेच राहिले. ‘बॉम्बे गार्डियन’ पत्र चालवायचे आणि संध्याकाळी रस्त्यांवर, समुद्रकिनाऱ्यावर जाऊन बोलायचे, हा त्यांचा क्रम होता. १८५७ च्या पहिल्या महिन्यांत विष्णुबावा ब्रह्मचारी याच किनाऱ्यावर मिशनऱ्यांना सामोरे गेले. माणसांची ही गर्दी लोटली. त्या वादांचा वृत्तान्त इंग्रजीत प्रसिद्ध केला तो याच बोवेननी. प्रतिपक्षाचे म्हणणे छापून जगापुढे ठेवणारा उपदेशक आम्हांला तरी सहजासहजी दुसरा आठवत नाही. मुंबईने बोवेनना साधू मानले. त्यांच्या उपदेशाने धर्म बदललेल्यांची संख्या मात्र नगण्यच राहिली. भिंत सोडून बाहेर आलेल्या माणसाला लोकांनी आदर दिला, पण आत येण्याचे निमंत्रण घेतले नाही. कारण ज्या जागी तो बोलावीत होता ती जागा अजून भिंतीच्या आतच होती.

टिळकांचा मार्ग याच्या उलट दिशेने सुरू होतो. ते जन्माने बाहेरचे. १८६१ साली कोकणात करजगावी चित्पावन घरात जन्म, नाशिकास गणेशशास्त्री लेल्यांकडे संस्कृताचे अध्ययन, कविता, कीर्तन, वक्तृत्व, नागपुरात आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने ग्रंथांचे काम, आणि स्वतःच एखादा नवा धर्म काढावा अशी मनातली उलघाल. आगगाडीच्या एका प्रवासात कोणी युरोपीय सहप्रवासी भेटतो, कवितेविषयी बोलतो, जाताना नव्या कराराची प्रत हातात ठेवतो. या साध्या प्रसंगाचे ख्रिस्ती लेखकांना फार कौतुक आहे आणि ते आम्ही समजू शकतो. आमचे लक्ष मात्र त्या अनामिक प्रवाशाच्या रीतीकडे जाते. त्याने वाद घातला नाही, गर्दी जमवली नाही. डब्यात समोरासमोर बसून तो माणसाशी बोलला आणि आपल्या स्टेशनावर उतरून गेला. शंभर वर्षे रस्त्यावर उभे राहून जे साधले नाही ते एका बाकावर बसून साधले, असे म्हणण्याचा मोह होतो. पण टिळकांसारखा आतून पेटलेला माणूस दर डब्यात भेटत नसतो, हेही खरे.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांचा बाप्तिस्मा झाला. तो देशी पाळकाच्याच हातून व्हावा असा त्यांचा आग्रह होता आणि त्याप्रमाणे रेव्हरंड तुकाराम नथोजी यांनी तो दिला. ख्रिस्त साहेबाच्या हातून नको, हे त्यांनी उंबरठ्यावरच सांगून टाकले होते. पण उंबरठ्याची किंमत चुकली नाही. लक्ष्मीबाई दूर झाल्या. लेकरू त्यांच्यापाशी राहिले आणि जवळजवळ पाच वर्षे नवरा-बायको दोन काठांवर राहिली. लक्ष्मीबाईंनी ही वर्षे ज्या विनोदाने आणि ज्या दुःखाने सांगितली आहेत, त्यांची पुनरुक्ती करण्याचे धाडस आम्ही करणार नाही. एवढेच म्हणू, की पुढे टिळकांनी बाप्तिस्म्यावाचूनच्या शिष्याची कल्पना मांडली, तेव्हा तो केवळ धर्मशास्त्रातला मुद्दा नव्हता. बाप्तिस्मा काय मागून घेतो, हे त्यांच्या घराने पुरेपूर भोगलेले होते. लक्ष्मीबाई परत आल्या त्या काही मत बदलून आल्या नव्हत्या. नवऱ्याकडे आल्या आणि सोवळे-ओवळे पाळीत त्याच्या घरात राहू लागल्या. सोवळे सुटत गेले, इतर जातींच्या हातचे पाणी चालू लागले, आणि मग त्यांनी आपण होऊन बाप्तिस्मा घेतला. म्हणजे टिळकांच्या दरबाराची पहिली सभासद, दरबार स्थापन होण्याच्या कितीतरी आधी, त्यांच्याच स्वयंपाकघरात वावरत होती. बाप्तिस्मा झालेला नाही, पण माणूस घरातला आहे, ही स्थिती टिळकांनी पुस्तकात वाचलेली नव्हती.

अहमदनगरला आल्यावर टिळकांनी जे केले ते मराठी ख्रिस्ती मंडळीला सर्वज्ञात आहे. त्यांच्या आधीची उपासनेची गीते पुष्कळशी इंग्रजी चालींवर बेतलेली होती. त्या चालींच्या मापात मराठी शब्द कसेबसे कोंबलेले असत. देशी चालींवर रचना करणारेही होते, हे सांगितलेच पाहिजे. कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट आधीच पाडून ठेवली होती. टिळकांनी त्या वाटेचा राजमार्ग केला. अभंग, भजन, ओवी, पद यांतून त्यांनी शेकड्यांनी गीते रचली आणि ‘उपासना संगीत’ या संग्रहात त्यांची रचना आजही मोठी जागा अडवून आहे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांपाशी आलो, असे ते सांगत. या उद्गाराचा अर्थ सहसा अर्धाच घेतला जातो. पुलावरून एका दिशेनेच जाता येते असे नाही. टिळक त्याच पुलावरून परत बाहेर जाऊ पाहत होते.

भाषा देशी केली की बाहेरचा माणूस ऐकतो, अशी एक भाबडी समजूत आहे. ती दूर करण्यासाठी गोव्यातले एक जुने उदाहरण पुरे आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, आणि मराठीवर असे प्रेम की ते वाचून मराठी माणसाने संकोचावे. तरी तो ग्रंथ मुख्यतः धर्म बदलून आत आलेल्यांसाठी होता. पुराण ऐकण्याची सवय असलेल्या लोकांचे पुराण काढून घेतले, म्हणून त्यांना दुसरे दिले. तो छापला गेला रोमन लिपीत, आणि १६८४ साली तर पोर्तुगीज सरकारने देशी भाषेवरच हुकूम फिरवला. घर आपल्या भाषेत बांधले, म्हणून त्याची दारे उघडी असतातच असे नव्हे.

टिळकांची दारे उघडी होती ती कवी म्हणून. या गोष्टीकडे आम्हांला विशेष लक्ष वेधायचे आहे. ‘काव्यरत्नावली’, ‘मनोरंजन’ यांसारख्या मासिकांतून त्यांची कविता सर्व जातिधर्मांच्या घरांत जात होती. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले आणि त्यातून पुढे आलेला त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा मुलगा, म्हणजे आपले बालकवी, टिळकांच्या घरी येऊन राहिला, त्यांच्या हाताखाली वाढला, लक्ष्मीबाईंच्या मायेत राहिला. टिळकांसारखा तळमळीचा धर्मोपदेशक आणि ठोंबऱ्यांसारखा संस्कारक्षम पोरगा एका छपराखाली राहिले, आणि पोरगा ठोंबरेच राहिला. १९१८ साली भादली स्टेशनाजवळ रुळांवर त्याचा अंत झाला तो ठोंबरे म्हणूनच. मिशनच्या अहवालाच्या दृष्टीने ही ओळ रिकामीच गेली असती. मराठी कवितेच्या दृष्टीने ती तशी नाही.

म्हणजे कवी टिळक माजघरापर्यंत जात आणि रेव्हरंड टिळक ओट्यावरच थांबवले जात. माणूस एकच. फरक ‘रेव्हरंड’ या शब्दाने आणि त्यामागच्या पगाराने पडत होता. दर महिन्याला अमेरिकेहून आलेल्या पैशातून ज्याची चूल पेटते, त्याने वैराग्याचा अभंग म्हणावा आणि ऐकणाऱ्याने डोळे मिटून डोलावे, हे आपल्या लोकांकडून होणे कठीण होते. कीर्तनकाराला बिदागी चालते, पण नोकरी चालत नाही. पोटार्थी बाटगा, साहेबाचा माणूस ही विशेषणे अन्यायाची असतील, पण ती फुकट उगवलेली नव्हती. टिळकांनी १९१७ साली राजीनामा दिला तो या जागी घाव घालण्यासाठी. बोवेननी साहेब असून साहेबाचा पगार सोडला होता. टिळकांनी देशी असून तो सोडला आणि शिवाय बाप्तिस्म्याची अट बाजूला ठेवली. पगाराबरोबर प्रवेशाची नोंदवहीही मिटायची, हे त्यांचे स्वतःचे पाऊल. मिशनशी त्यांचे वैर नव्हते. ज्या मंडळींत ते वावरले त्यांच्याविषयीची कृतज्ञता त्यांनी लपवली नाही. पण मिशन हे पडवीसारखे असते, कायमचे घर नव्हे, असे त्यांना वाटत असावे, असा आमचा तर्क आहे.

‘दरबार’ हा शब्दही आम्हांला मुद्दामहून योजलेला वाटतो. मराठी ख्रिस्ती लोक चर्चला ‘मंडळी’ म्हणतात. शब्द मोठा आपलेपणाचा आहे, पण मंडळी म्हटली की तिच्यात कोण आहे आणि कोण नाही हे मोजता येते. दरबारात राजा ठरलेला असतो, रयत मोजलेली नसते. ज्याची काही फिर्याद आहे तो येतो, उभा राहतो, आणि राजाची नजर पडली की तोही दरबारातला. असा दरबार छत्रपतींच्या गादीच्या गावी भरवावा, यात टिळकांमधल्या कवीचा थोडा खोडकरपणाही असेल.

येथे एका आक्षेपाला तोंड दिले पाहिजे, आणि तो सौम्य नाही. टिळक ज्या ‘बाहेरच्या’ माणसाकडे जाऊ पाहत होते, तो माणूस कोण? नगर जिल्ह्यातली मंडळी महार आणि मांग समाजांतून उभी राहिली होती. बाप्तिस्म्याने त्यांचे काय गेले याचा हिशेब ब्राह्मणाच्या हिशेबाहून निराळा होता. पंगत, पाणवठा, देऊळ यांतले त्यांना मिळालेले असे होतेच काय की ते जावे? उलट शाळा आली, अक्षर आले, अंगावर स्वच्छ कपडा घालून सरळ उभे राहण्याची एक जागा आली. अशा माणसाला जर कोणी सांगू लागले, की नोंदवही आणि कुसू हे अडथळे आहेत, ते बाजूला सारू म्हणजे थोरामोठ्यांना आत येणे सोपे जाईल, तर त्याने भुवया उंचावल्या असतील. आणि पुढचा प्रश्न त्याहून टोकदार. बाप्तिस्म्यावाचूनचा शिष्य आपल्या जातीत राहणार, आपल्या पंगतीत जेवणार, आपल्या सोयरिकी करणार. मग रविवारी शेजारी बसलेल्या महार भावाशी त्याचे नाते प्रार्थनेपुरतेच का? लक्ष्मीबाईंचे सोवळे सुटले ते त्या एका घरात अहोरात्र राहिल्या म्हणून. दरबारात येऊन घरी परतणाऱ्याचे ते कसे सुटणार होते?

टिळकांना जातिभेदाची चीड होती आणि त्यांनी तो स्वतःच्या घरातून हद्दपार केला होता, यात शंका नाही. तरीही हा आक्षेप त्यांच्या योजनेने पुरता फेडला असे आम्हांस म्हणवत नाही. व्यवहाराचे आणखीही प्रश्न होते. ख्रिस्ती विवाहासाठी १८७२ चा कायदा होता. त्यात पाळक, नोंदणी, साक्षीदार सारे ठरलेले. दरबारी शिष्याच्या मुलीचे लग्न कोण लावणार? तो मेला तर त्याला दफन करायचे की दहन, आणि खांदा कोणी द्यायचा? प्रेषितांच्या काळी असे प्रश्न भराभर सुटले असतील. साताऱ्यात त्यांना वेळ लागला असता.

वेळच मिळाला नाही. दरबार पुरता उभा राहण्याआधीच प्रकृती ढासळली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईस टिळकांनी देह ठेवला. दरबाराला ना घटना होती, ना खजिना, ना दुसरा टिळक. तो त्यांच्याबरोबरच संपल्यासारखा झाला. एका माणसाच्या तेजावर चाललेल्या संस्थांचे आपल्याकडे हेच होते. मिशनच्या ज्या चौकटीला ते कंटाळले होते तिच्यात एक गुण होता. माणूस मेला तरी ती चालत राही.

पण ठिणगी एका अनपेक्षित जागी पडली. जे. सी. विन्स्लो हे अँग्लिकन मिशनरी नगरला असताना टिळकांच्या संगतीत आले होते. त्यांनी १९२३ साली टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले. त्याच्या आदल्याच वर्षी ख्रिस्त सेवा संघाची स्थापना त्यांनी केली होती. हिंदी आणि युरोपीय सभासद एकत्र राहतील, खादी वापरतील, साधे शाकाहारी जेवण जमिनीवर बसून जेवतील असा तो आश्रम पुढे पुण्यास स्थिरावला. १९२७ साली तेथे ऑक्सफर्डचा एक तरुण पाद्री येऊन दाखल झाला. त्याचे नाव व्हेरियर एल्विन. गांधींच्या साबरमतीची त्याला मोहिनी पडली. १९३२ साली संघाबाहेर पडून शामराव हिवाळे या मराठी सोबत्यासह तो मंडला जिल्ह्यात करंजिया येथे गोंडांच्या वस्तीत जाऊन राहिला. तेथे त्याने शाळा-दवाखाना चालवायचा, पण कोणाला ख्रिस्ती करण्याचा उद्योग करायचा नाही, असे ठरवले. नागपूरच्या बिशपांना हे रुचले नाही. पाद्री म्हणून काम करण्याचा परवाना त्याला मिळाला नाही, आणि काही वर्षांत एल्विननेच चर्चचा निरोप घेतला. पुढे तो मानववंशशास्त्रज्ञ म्हणून गाजला आणि स्वतंत्र भारताचा नागरिक झाला. त्याच्या नंतरच्या मतांवर वाद पुष्कळ झाले, पण ते येथे प्रस्तुत नाहीत.

टिळक बाहेर गेले ते दरबारात लोकांना घेऊन येण्यासाठी. एल्विन बाहेर गेला आणि बाहेरच्यांचाच झाला. त्यांच्यामधले अंतर पंधरा वर्षांचे, पण ते ज्या रस्त्याने गेले तो एकच होता, आणि तो कोठवर जातो याचा अंदाज आधीच्या वाटसरूला बहुधा नव्हता. एल्विनला टिळकांच्या दरबारात जागा मिळाली असती काय, असा एक निरुपयोगी प्रश्न आम्ही अधूनमधून स्वतःला विचारतो. टिळकांनी दिली असती. कदाचित दुसऱ्या दिवशी त्याच्यावर भडकलेही असते.

साताऱ्याच्या त्या दरबाराची वास्तू, पाटी, सभासदांची यादी असे काही सांगण्यासारखे हाती उरलेले नाही. उरले ते एक अपुरे काव्य. ख्रिस्ताच्या चरित्रावर मराठीत एक महाकाव्य लिहावे, ‘ख्रिस्तायन’ असे त्याचे नाव ठेवावे, हा टिळकांचा संकल्प होता आणि जेमतेम दहा-अकरा अध्यायांवर तो थांबला. ज्या बाईला शाळेचे तोंड पाहायला मिळाले नव्हते आणि जिला नवऱ्यानेच पुस्तकाची अक्षरे ओळखायला शिकवली होती, तिने पुढे ते हाती घेतले. साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. मध्यंतरी ‘स्मृतिचित्रे’ही लिहून होत होती. १९३६ च्या फेब्रुवारीत त्या वारल्या. ग्रंथ छापून आला तो त्यानंतर, आणि मुखपृष्ठावर नावे दोघांची होती.